उत्तरेस बोळ

चांगुणाबाईंनी माझ्या बावीस पानी करारावर कोथिंबिरीची ओली जुडी ठेवली आणि म्हणाल्या, "वाऱ्यानं उडायला नको. बसा वकीलसाहेब, एवढं गिऱ्हाईक होऊ द्या."

बसायला म्हणजे टोमॅटोची एक उपडी क्रेट. चैत्रातलं ऊन, बाजाराचं निमगाव, बुधवारचा आठवडे बाजार, आणि मी पुण्याहून टाय बांधून आलेला एकतीस वर्षांचा वकील. ज्या बाईच्या तीन मजली इमारतीचा तळमजला भाड्यानं घ्यायला मी आलो होतो, ती बाई त्याच इमारतीच्या दारासमोर गोणपाट अंथरून मेथी आणि शेपू विकत होती. इमारतीवर ठळक अक्षरात ‘फुलसुंदर’ असं नाव कोरलेलं होतं. ते नाव मी तीनदा वाचलं आणि तीनदा बाईंकडे पाहिलं.

"तुमचीच ना इमारत?" मी विचारलं.

"माझीच. ह्या गोणपाटानं बांधली," त्या म्हणाल्या आणि समोरच्या माणसाला म्हणाल्या, "पाचाला दोन नाय व्हायच्या, दादा. पुढं बघा."

मला पाठवलं होतं पुण्यातल्या एका सोन्याचांदीच्या पेढीनं. तालुक्याच्या गावांत शाखा काढायचं खूळ तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं होतं, आणि शाखांचे सगळे भाडेकरार मी लिहायचो. माझा हात त्यात चांगला बसला होता. चांगला कसला, जरा जास्तच बसला होता, ते पुढे येईलच.

अर्ध्या तासात माझ्या घशाला कोरड पडली. शेजारी मिरच्या घेऊन बसलेल्या बाईंकडे मी पाणी मागितलं. त्यांनी पलीकडच्या वांगीवालीकडे पाहिलं, तिनं तिच्या पलीकडचीकडे. ओळीनं चाळीसेक बायका बसलेल्या. भाजीवर शिंपडायला प्रत्येकीजवळ डबाभर पाणी होतं, हिरवट, काड्या तरंगणारं. पिण्याचं एकीकडेही नव्हतं. शेवटी चांगुणाबाईंनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून ग्लास मागवला. मला जरा नवल वाटलं. पण ते नवल काही फार वेळ टिकलं नाही, कारण तेवढ्यात त्यांचा मुलगा सोपान तरातरा चालत आला.

"आये, वकील पुण्यावरनं आलेत आन् तू त्यांना उन्हात बसवलंय? आत घे की."

"आत बसले तर गिऱ्हाईक कोण बघंल? तू?"

सोपान माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्हीच सांगा हिला. दोन भाडेकरू घालवले हिनं. आधी बँकवाले आले, ते गेले. मंग मोबाईलवाले आले, तेबी गेले. कशापायी? तर एका संडासापायी! लोक हसाया लागलेत आम्हाला."

"हसू दे. दात तरी दिसतील त्यांचे," चांगुणाबाई म्हणाल्या.

संडासाचं प्रकरण मला ठाऊक होतं. इमारतीच्या उत्तरेला, भिंतीला लागून एक अरुंद बोळ होता. पूर्वीचा खतवाला भाडेकरू त्यात पोती रचायचा. तो गेल्यावर बाईंनी बोळ मोकळा करून तोंडाशी लोखंडी फाटक लावलं होतं, आणि शेवटाला चार बाय पाचाची एक खोली बांधायला काढली होती. आत गवंडी गिलावा करत असल्याचा आवाज बाहेर येत होता. बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी संडास. वर गच्चीवरची टाकी, आत नळ. तळमजला कुणीही घ्यावा, पण बुधवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हा बोळ बायकांना उघडा राहिला पाहिजे, एवढी एकच बाईंची अट होती. भाड्यात त्या घासाघीस करायला तयार होत्या. इथे नाही.

आणि पेढीला नेमकं हेच नको होतं. बोळाच्या भिंतीपलीकडे दागिन्यांची तिजोरी येणार होती. पेढीचे शाखाप्रमुख रणदिवे मला निघण्याआधी फोनवर म्हणाले होते, "देवकुळे, जागा हातची जाता कामा नये. बाईला कागद पाहिजे असेल तर कागद द्या. पण टिकणार नाही असा द्या."

असले कागद देणं हा आमच्या धंद्यातला रोजचा भाग. मोठी कंपनी आपल्या छापील करारातला स्वल्पविरामही बदलत नाही. मग मालकाचा हट्ट वेगळ्या कागदावर लिहितात, दोघं सह्या करतात, आणि तो मूळ कराराच्या सोबत राहतो. आम्ही त्याला साइड लेटर म्हणायचो. कधी कधी तो खरंच पाळायचा असतो. कधी कधी मालकाला गप्प करायचा असतो. तो कुठल्या जातीचा, ते लिहिणाऱ्याला माहीत असतं.

बारा वाजता गर्दी जरा ओसरली. चांगुणाबाईंनी पदराला हात पुसले आणि कोथिंबिरीची जुडी बाजूला केली.

"हं. वाचा. इंग्रजीत हाय ना? मंग मराठीत सांगा एकेक."

मी म्हणालो, "सगळी बावीस पानं?"

"मी चौथी शिकलेय, तुम्ही किती? मंग तुम्हाला काय जड हाय?"

शेजारची मिरचीवाली फिस्सकन हसली. मी सांगू लागलो. भाडं किती, वाढ केव्हा, दुरुस्ती कुणी करायची, वीज कुणाच्या मीटरवर. बाई मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होत्या. मधेच प्रश्न विचारत, आणि प्रश्न असे की आमच्या कचेरीतल्या सीनियरांनीही विचारले नसते. "रंग द्यायचा म्हणता, पर बाहेरनं का आतनं?" असे. मी मनातून खूश झालो होतो. आणि त्याचबरोबर सत्ताविसाव्या कलमाची वाट पाहत होतो.

सत्ताविसाव्या कलमात असं होतं, की दोघांमधला पूर्ण व्यवहार एवढाच. याच्या आधी झालेलं कुठलंही बोलणं, पत्र किंवा कागद यापुढे कुणावरही बंधनकारक नाही. म्हणजे साइड लेटर या कराराच्या आधीचं असलं, की करारावर सही होताक्षणी ते मेलं. मारण्याची ही रीत मला फार आवडायची. त्यात कुणाला खोटं बोलावं लागत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

"सत्ताविसात काय हाय?"

"ते नेहमीचं छापील आहे. सगळ्याच करारांत असतं," मी म्हणालो आणि पान उलटलं.

"छापील हाय का? मंग बरंय," चांगुणाबाई म्हणाल्या.

मग मी मराठीत साइड लेटर लिहिलं. चांगल्या, सोप्या, गोड मराठीत. ‘सदर बोळाचा वापर बाजारकरी स्त्रियांस दर बुधवारी विनाअडथळा करू द्यावा’ वगैरे. खाली तारीख घातली आदल्या दिवशीची. बाईंनी कागद जवळ घेतला आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचला. बोट तारखेपाशी येऊन थांबलं.

"ही कालची हाय."

"हो. मसुदा कालच तयार झाला ना माझा."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. गोणपाटावरच्या जुड्यांकडे वळल्या, सुकलेल्या मागे सारल्या, ताज्या पुढे आणल्या, डब्यातलं पाणी चुळकाभर घेऊन सगळ्यांवर शिंपडलं. मला वाटलं, चला, काम फत्ते.

"जोडकागद झाक झालाय," त्या म्हणाल्या. साइड लेटरला त्यांनी तेवढ्यात नावही देऊन टाकलं होतं. "तुमच्या मनासारखा झाला ना? करते सही. त्या मोठ्या कागदात एवढी एक जागा मोकळी दिसतेय, ती भरून टाकू."

ती जागा शेवटच्या पानावर होती. जागेच्या चतुःसीमा, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. सिटी सर्व्हेचा उतारा मालकाकडून यायचा असल्यानं आम्ही ती नेहमी कोरी ठेवायचो आणि आयत्या वेळी भरायचो. टायपिस्टचं काम ते.

"उताऱ्यात मराठीत हाय, म्हणून मराठीतच लिहा. मी सांगते. पूर्वेस सरकारी रस्ता. पश्चिमेस शेट्यांची भिंत. दक्षिणेस गुजरांचं दुकान." मी मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होतो. "आन् उत्तरेस, लिहून देणार चांगुणाबाई फुलसुंदर यांचा स्वतःच्या वहिवाटीचा बोळ, त्यातला संडास आन् बोळाचं लोखंडी फाटक."

"फाटकसुद्धा?" मी हसून विचारलं.

"लिहा की. नवंकोरं हाय. लिवलं म्हणजे शोभा येती."

मी लिहिलं. म्हाताऱ्या माणसाची हौस, आपलं काय जातंय! दुपारी रणदिवे मोटारीतून आले, उभ्या उभ्या दोन्ही कागदांवर सह्या केल्या, मला डोळा मारला आणि बाईंना वाकून नमस्कार केला. चांगुणाबाईंनी मला निघताना मेथीच्या चार जुड्या बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत. सोपान तर आनंदानं माझ्या गाडीपर्यंत धावत आला होता. पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली आणि अक्षय तृतीयेला पेढी उघडली.

दिवाळीनंतर रणदिव्यांचा फोन आला. आवाज चढलेला.

"देवकुळे, तीन आठवडे झाले, बोळाला कुलूप घातलंय मी. तिजोरीच्या भिंतीपाशी दिवसभर चाळीस बायका ये-जा करतात, उद्या काही झालं तर मुख्य कचेरी मला विचारेल. म्हातारी भांडत नाही, कुलूप तोडत नाही, फक्त म्हणते वकिलांना बोलवा. आणि बुधवारीच बोलवा. नोटीस तयार करून या, एकदाचं मिटवून टाका."

मी नोटीस तयार केली. सत्तावीस कलमाचा त्यात तीनदा उल्लेख होता.

निमगावात उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. कार्तिकातलं ऊनही कमी नसतं. ओळीनं त्याच बायका, तीच गोणपाटं. या वेळी बहुतेकींच्या शेजारी प्लॅस्टिकची एकेक बाटली दिसली. कुणाची निळ्या झाकणाची, कुणाची दोरी बांधलेली. मी मिरचीवालीकडे पाणी मागितलं. तिनं बाटली उचलून उलटी करून दाखवली. कोरडी होती. वांगीवालीची कोरडी. तिच्या पलीकडचीही कोरडी. "आता नाय भरत, साहेब," ती म्हणाली आणि फाटकाकडे बोट दाखवलं. फाटकाला हाताच्या पंजाएवढं पितळी कुलूप होतं.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आज सांगायला लाज वाटते, पण नाही पडला.

चांगुणाबाई त्याच जागी बसल्या होत्या. रणदिवे शोरूमच्या पायरीवर उभे, सोपान आईच्या मागे हात चोळत.

"या वकीलसाहेब. क्रेट घ्या," बाई म्हणाल्या. "काय कागद आणलाय?"

"नोटीस आहे, मावशी."

"वाचा."

मी वाचली. उभ्यानं वाचली, क्रेटवर बसवेना. बोळ हा इमारतीच्या अनुषंगानं पेढीच्या ताब्यात आहे, आणि दिनांक अमुकचं पत्र सत्ताविसाव्या कलमान्वये रद्द झालेलं आहे, वगैरे. चाळीस बायका ऐकत होत्या. मी वाचून संपवल्यावर चांगुणाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि दोन कागद काढले. पहिला होता माझा जोडकागद. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"हा घ्या परत. हा मेलेलाच जन्मला व्हता, मला ठाव हाय."

माझे कान तापले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. सव्वीस कलमं पाण्यासारखी वाचलीत, सत्तावीस आलं आन् तुमची नजर सटकली. बाजारात माणूस ज्या पाटीवरनं नजर झटकन काढून घेतो ना, त्या पाटीत माल नासका असतो. पस्तीस वर्सं बघतेय." त्यांनी बोट वर केलं. "आन् दुसरं. त्या दिवशी बुधवार व्हता. तुम्ही मंगळवार घातला. बाजाराच्या बाईला सगळं चुकंल, वार नाय चुकायचा. तवाच म्हनलं, हा कागद ह्यांना मारायचाय."

"मग सही का केलीत?"

"तुम्ही खूश झाला व्हता. खूश झालेला गडी शेवटचं पान वाचत नाय."

मग त्यांनी दुसरा कागद उघडला. माझाच करार, बावीस पानांचा, नोंदणीच्या शिक्क्यासकट. पहिली एकवीस पानं त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत. शेवटचं पान काढलं, माझ्यापुढे धरलं आणि बोट ठेवलं.

"उत्तरेस काय हाय? वाचा मोठ्यानं. समद्या बायांना ऐकू जाऊ द्या."

मी वाचू लागलो. ‘उत्तरेस, लिहून देणार चांगुणाबाई फुलसुंदर यांचा स्वतःच्या वहिवाटीचा बोळ, त्यातील संडास व बोळाचे लोखंडी फाटक.’ वाचता वाचताच माझा आवाज खाली आला. भाड्यानं दिलेली जागा बोळापाशी संपत होती. बोळ सीमेच्या पलीकडे होता. संडास पलीकडे, फाटक पलीकडे. जे भाड्यानं दिलंच नाही, ते रद्द कुठल्या कलमानं करणार? सत्तावीस कलम जोडकागदाला मारू शकत होतं, पण हे तर कराराच्या आतच बसलेलं होतं, आणि त्याच कलमानं त्याला आणखी पक्कं करून ठेवलं होतं. एवढाच व्यवहार पूर्ण व्यवहार, असं मीच तर लिहिलं होतं.

"अक्षर कुणाचं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"माझं."

"शाई?"

"माझीच."

मिरचीवालीनं हसू दाबायला तोंडावर पदर घेतला. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडं जमिनीचा कागद आला की आधी सीमा वाचत्यात. मंग नाव, मंग पैका. आमची निम्मी भांडणं बांधावरची. तुम्ही पुण्याची माणसं पयलं पान आधी वाचता."

रणदिव्यांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. दबक्या आवाजात म्हणाले, "काढा ना काहीतरी फट. मोजणीत काढा, वहिवाटीत काढा. तुम्हाला पैसे कशाचे देतो आम्ही?"

फट काढता आली असती का? फट कशातही काढता येते. मनाई हुकमाचा अर्ज, तारखा, दोन वर्षं सहज गेली असती, आणि दोन वर्षं कुलूप तसंच राहिलं असतं. रणदिव्यांना तेच हवं होतं, आणि ते करून देणारा मी त्या गावात एकटाच उभा होतो. मी चांगुणाबाईंकडे पाहिलं. त्या भाजीकडे पाहत नव्हत्या, गिऱ्हाइकाकडे पाहत नव्हत्या. माझ्या डोळ्यांकडे पाहत होत्या, नजर कुठल्या पाटीवरून सटकते ते.

"रणदिवेसाहेब," मी मोठ्यानं म्हणालो, "कुलूप काढा. बोळ आपला नाही. करार मी लिहिलाय, आणि त्यात तसं स्वच्छ लिहिलंय."

"आणि मुख्य कचेरीला मी काय सांगू?"

"वकिलानं चूक केली असं सांगा. खरंच आहे ते."

रणदिवे माझ्याकडे असे पाहत राहिले, की जणू मला तिथल्या तिथे काढून टाकतील. दोन महिन्यांनी पेढीनं काढूनही टाकलं. पण त्या दिवशी त्यांनी खिशातून किल्ली काढली, आणि ती माझ्या हातात न देता चांगुणाबाईंच्या गोणपाटावर टाकली. बाईंनी ती उचलली, सोपानला दिली आणि रणदिव्यांना म्हणाल्या, "साहेब, रागावू नका. तुमच्या तिजोरीच्या भिंतीपाशी दिवसभर चाळीस बाया जागत्या असत्यात. एवढी राखण पैसे देऊन मिळंल का?"

सोपाननं कुलूप काढलं. फाटक करकरत उघडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी घोषणा दिल्या नाहीत. मिरचीवाली उठली, शेजारणीला "लक्ष ठेव गं" म्हणाली आणि बोळात गेली. ती आली, तशी दुसरी गेली. एवढंच.

मी क्रेटवर बसलो. मान खाली घालून म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. तुम्ही हा करार रणदिव्यांना पहिल्याच दिवशी का नाही दाखवलात? तीन बुधवार कशाला घालवलेत?"

"दाखवला असता तर त्यानं तुम्हाला फोन लावला असता. फोनवर तुम्ही काय बोलला असता, मला कसं कळावं? माणूस समोर असला की बरं पडतं." त्यांनी मेथीची एक जुडी बांधली. "आन् तुम्ही मेथी घेताना पैसे काढले व्हते पाकिटातनं. फुकट घेनारा गडी नाय, एवढं बघितलं व्हतं मी."

मग त्यांनी डाव्या बाजूला, दोन पाट्यांच्या मधे असलेली गोणपाटभर रिकामी जागा दाखवली. पहिल्या खेपेलाही ती रिकामीच होती, हे मला आता आठवलं. एवढ्या गर्दीच्या बाजारात ती जागा कुणी घेतली नव्हती.

"इथं माझी जाऊ बसायची. ठकाबाई. आम्ही दोघी पहाटं घरनं निघायचो ते दिवेलागणीला परत. निघताना पाणी नाय, बाजारात पाणी नाय. पाणी पिलं की जावं लागतं, आन् जायाचं कुठं? रस्त्यावर समदे पुरुष. हॉटेलवाला आत घेत नाय. समद्या बाया तसंच करायच्या, पिढ्यान्‌पिढ्या. चैत्र-वैशाखातसुदिक. ठकीला मुतखडा झाला, मंग त्यात पू झाला. डॉक्टर म्हनला, बाई, पाणी प्या. ती म्हनली, बुधवार सोडून पिते." चांगुणाबाईंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "एकेचाळीसची व्हती. इमारतीचा पाया मी त्याच साली काढला. लोक म्हनले, जावंच्या दुःखात बाई इमारत बांधतेय, कसलं काळीज. मला इमारत कशाला पायजे व्हती? मला बोळ पायजे व्हता. बाजारात नुसता बोळ कोण विकत देतंय? म्हणून समदी जागा घेतली. कर्ज फिटंस्तवर खतवाल्याची पोती सोसावी लागली."

माझ्या हातात तो मेलेला जोडकागद होता. गोड मराठीतला, आदल्या तारखेचा. मी पहिल्या दिवशी पाणी मागितलं होतं आणि चाळीस बायकांत एकीकडेही नव्हतं, आणि ज्या कारणानं नव्हतं, त्याच कारणावरच्या उपायाला मी मोत्यासारख्या अक्षरात कुलूप घालायला निघालो होतो. मला तिथेच रडू आलं. टाय लावलेला वकील बाजारात रडतोय म्हणून दोन गिऱ्हाइकं थांबली. चांगुणाबाईंनी त्यांना मेथी विकली आणि वाटेला लावलं.

त्यानंतर मी शेकड्यांनी भाडेकरार लिहिले. जोडकागदही लिहिले, पण त्यावर तारीख खरी घातली आणि तो मूळ करारात परिशिष्ट म्हणून शिवला. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना मी आधी शेवटचं पान वाचायला लावतो. ते मागे माझी चेष्टा करतात, हे मला माहीत आहे.

चांगुणाबाई जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या वैशाखात नाशिकहून येताना मुद्दाम बुधवार साधून निमगावात उतरलो. पेढी केव्हाच गेली होती, तिथे चष्म्याचं दुकान झालं होतं. फाटकाला हिरवा रंग दिलेला, आणि ते सताड उघडं. चांगुणाबाईंच्या जागी सोपानची बायको बसली होती. तिच्या शेजारची ठकाबाईंची जागा अजून तशीच मोकळी, मात्र तिथे आता एक मातीचा माठ होता, झाकणावर उपडा पेला घातलेला.

तिनं मला ओळखलं नाही. ओळखायचं काही कारणही नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. मी ओळीच्या तोंडाशी उभा राहून विचारलं, "ताई, जरा प्यायला पाणी मिळेल का?"

सोपानची बायको पेला घेऊन उठली, पण त्याच्या आधी मिरचीवालीची बाटली पुढे आली, वांगीवालीची आली, पलीकडच्या दोघींच्या आल्या. एकदम पाच हात. कुणाचं घ्यावं ते मला समजेना, म्हणून मी एकेकीचं थोडं थोडं प्यालो.